हसवणारा गळा

१७८६ च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या नव्या इटालियन ऑपेराचे प्रयोग सुरू झाले. दुसऱ्या प्रयोगाला पाच गाणी पुन्हा घ्यावी लागली, तिसऱ्याला सात, आणि त्यांतलं एक छोटंसं द्वंद्वगीत तर तीनदा झालं, असं मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं आहे. प्रयोग लांबतच चालला. अखेर ९ मे रोजी सम्राट दुसरा जोसेफ यानं नाट्यगृहाच्या प्रमुखाला कळवलं की, एकाहून अधिक गळ्यांसाठी लिहिलेलं गाणं यापुढे पुन्हा गायचं नाही आणि तशी सूचना लोकांना आधीच द्यावी.

'वन्स मोअर'च्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या काळातही पदामागून पद पुन्हा मागितलं जाई आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चाले. पण जोसेफच्या हुकमातली मेख वेगळी आहे. त्यानं एकट्याच्या गाण्याला हात लावला नाही. गंभीर इटालियन ऑपेरात वर्षानुवर्षं दाद मिळत आली होती ती एकट्यालाच: नायकानं पुढं यावं, आपलं गाणं म्हणावं, टाळ्या घ्याव्यात आणि विंगेत जावं. व्हिएन्नातले लोक मात्र भांडणं, कुजबुज, गैरसमज, एकमेकांना तोडत म्हटलेली वाक्यं पुन्हा मागत होते. गळ्याइतकीच दाद ते गाणाऱ्याच्या शब्दफेकीला, वेळ साधण्याला आणि समोरच्याचं ऐकून उत्तर देण्याला देत होते. विनोदी ऑपेरानं, म्हणजे ऑपेरा बुफानं, श्रोत्यांना ही सवय लावायला जवळजवळ ऐंशी वर्षं घेतली होती.

त्याची सुरुवात झाली नेपल्सला. १७०९ मध्ये तिथल्या फियोरेन्तिनी नाट्यगृहात नेपल्सच्या बोलीत लिहिलेल्या एका संगीत प्रहसनाचा प्रयोग झाला आणि लवकरच हे नाट्यगृह अशा खेळांचं घर बनलं. त्याच शहरात दुसरी एक पद्धतही रुळली. गंभीर ऑपेराच्या अंकांमध्ये दोन-तीन पात्रांचा छोटा विनोदी खेळ करायचा. याला म्हणत इंटरमेझो. मुख्य खेळातले राजे आणि सेनापती कास्त्राती गात, म्हणजे लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही असे पुरुष. शौर्य, प्रेम, त्याग, सगळं त्या उंच, झळझळीत आवाजात. मधल्या खेळात मात्र साधा, खर्जातला, प्रौढ पुरुषी आवाज ऐकू येई. बास आवाजाच्या गायकाला रंगभूमीवर मानाचं स्थान मिळालं ते प्रामुख्यानं अशा विनोदी भूमिकांमुळे.

अशा गायकांपैकी एक ज्योआकीनो कोर्रादो. नेपल्सच्या सान बार्तोलोमेओ नाट्यगृहात तो बरीच वर्षं इंटरमेझो गात होता. १७३३ मध्ये तेवीस वर्षांच्या पेर्गोलेझीनं आपल्या गंभीर ऑपेरासोबत 'ला सेर्वा पाद्रोना', म्हणजे 'मालकीण झालेली मोलकरीण', हा खेळ लिहिला तो कोर्रादो आणि लौरा मोंती या दोघांसाठी. पात्रं तीन, त्यांतलं एक मुकं. साथीला तंतुवाद्यं. उबेर्तो हा वयस्क ब्रह्मचारी तीन तास आपल्या चॉकलेटच्या पेल्याची वाट पाहून वैतागला आहे, आणि सेर्पीना ही मोलकरीण त्याला डावपेच करून लग्नाला तयार करते. एवढीच गोष्ट. पण उबेर्तोचं गाणं ऐकलं की पेर्गोलेझीनं काय नवं केलं ते कळतं. लांब, डौलदार ओळींऐवजी त्यानं छोटे तुकडे वापरले. माणूस रागावला की तेच तेच बोलतो, अडखळतो, एकदम आवाज चढवतो, मग स्वतःशीच पुटपुटतो. ती सारी बोलण्याची लय त्यानं सुरांत आणली. हे गाणाऱ्याकडे तयार गळा हवाच. पण आपण रागावलेलो आहोत, गोंधळलेलो आहोत आणि तरीही या मुलीवर जीव जडला आहे, हे तिन्ही त्याला एकाच वेळी आवाजातून सांगता आलं पाहिजे.

१ ऑगस्ट १७५२ रोजी हाच छोटा खेळ बांबिनी यांच्या फिरत्या इटालियन मंडळीनं पॅरिसच्या राजेशाही ऑपेरात केला आणि शहर दोन तटांत विभागलं. नाट्यगृहात राजाच्या सज्जाखाली फ्रेंच संगीताचे कैवारी उभे राहात, राणीच्या सज्जाखाली इटालियन मंडळीचे. दोन वर्षं पत्रकांचा मारा चालला. १७५३ मध्ये रूसोनं फ्रेंच संगीतावर एक जहाल पत्रक काढलं आणि फ्रेंच भाषेत खरं संगीत होऊच शकत नाही इतपत मजल मारली. त्यावर ऑपेरानं त्याचा मोफत प्रवेश काढून घेतला. वाद तात्त्विक होता, राजकीयही होता. पण त्याच्या मुळाशी ऐकण्याचा एक ताजा अनुभव होता. पुराणातल्या देवांचं गंभीर पठण ऐकायची सवय असलेल्या कानांना घरातल्या माणसांचं बोलणं गाण्यात ऐकू आलं होतं.

इटलीत तोवर गोष्ट पुढं सरकली होती. व्हेनिसचा नाटककार गोल्दोनी आणि संगीतकार गालुप्पी यांनी 'इल फिलोसोफो दी काम्पान्या' (१७५४) सारख्या खेळांत अंकाच्या शेवटाला मोठं स्वरूप दिलं. एकेक पात्र येतं, कथानक प्रत्येक प्रवेशानं नवं वळण घेतं, संगीत न थांबता वेग बदलत जातं आणि शेवटी सगळे एकदम गाऊ लागतात. याला फिनाले म्हणतात. पुढे मोझार्टचा लेखक दा पोन्ते यानं आपल्या आठवणींत लिहिलं की फिनाले म्हणजे नाटकाच्या पोटातलं एक छोटं नाटकच असतं. गायकांसाठी ही कसोटी नवी होती. आपला सूर सोडायचा नाही, दुसऱ्याचा झाकायचा नाही, आणि सहा जण गात असताना आपल्या पात्राचं म्हणणं श्रोत्यापर्यंत पोचवायचं.

आणखी एक वळण रोममध्ये आलं. १७६० मध्ये तिथल्या तेआत्रो देल्ले दामेत पिच्चिन्नीचा 'ला बुओना फिल्युओला' झाला. रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव असल्यानं सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या. माळीकाम करणारी अनाथ, सोज्वळ चेक्कीना लोकांना इतकी भावली की हा ऑपेरा युरोपभर गाजला. विनोदी खेळात डोळे पाणावण्याची सोय झाली ती इथून. यापुढे चांगल्या बुफा गायिकेकडून अपेक्षा दुहेरी राहिली: तिनं हसवावं आणि एखाद्या संथ गाण्यात सभागृह निःशब्दही करावं.

या सगळ्या परंपरेचं पक्व फळ व्हिएन्नाच्या वाट्याला आलं. १७८३ मध्ये जोसेफनं बुर्गथिएटरात उत्तमातली उत्तम इटालियन विनोदी मंडळी आणली. तिच्यात फ्रान्चेस्को बेनुच्ची हा बास होता. लंडनमध्ये जन्मलेली इटालियन बापाची मुलगी नॅन्सी स्टोराचे होती. आयर्लंडचा टेनर मायकेल केली होता. मंडळी आल्यावर काही दिवसांतच मोझार्टनं वडिलांना पत्र लिहून त्यांच्यातल्या बुफोची, म्हणजे विनोदी गायक बेनुच्चीची, स्तुती कळवली. गायकाच्या मापाचा अंगरखा शिवावा तसं गाणं बेतायला आपल्याला आवडतं, असंही मोझार्टनं एका जुन्या पत्रात म्हटलं होतं. तीन वर्षांनी फिगारो ही भूमिका त्यानं बेनुच्चीच्या मापानं बेतली आणि सुझान्ना स्टोराचेच्या.

केलीनं १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्या तालमींचं वर्णन आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी कोवळ्या केरुबिनोला सैन्यात धाडताना फिगारो त्याची थट्टा करतो. ते गाणं बेनुच्चीनं पूर्ण ताकदीनं म्हटलं तेव्हा रंगमंचावरच्या गायकांना आणि खालच्या वादकांना राहवलं नाही. वादकांनी गज स्टँडवर आपटून दाद दिली. केलीच्या स्वतःच्या भूमिकांपैकी एक छोटी होती, तोतऱ्या न्यायाधीशाची. षट्‌कात तरी तोतरं बोलू नकोस, संगीत बिघडेल, असं मोझार्टनं त्याला सांगितलं. केली हटला नाही. आधीच्या प्रवेशात तोतरा असलेला माणूस इथं अचानक स्वच्छ बोलू लागला तर पात्रच खोटं ठरेल, हा त्याचा मुद्दा. पहिल्या प्रयोगाला लोक खळखळून हसले, संगीतही बिघडलं नाही, आणि मोझार्टनं नंतर येऊन त्याचा हात हातात घेतला. बुफा गायकीचं सारं मर्म त्या तोतरेपणात आहे. सूर सांभाळायचा आणि माणूसही सांभाळायचा, एकासाठी दुसरा सोडायचा नाही.

जोसेफनंतर गादीवर आलेल्या सम्राट लिओपोल्डची दाद तर दंतकथेसारखी झाली आहे. ७ फेब्रुवारी १७९२ रोजी चिमारोझाचा 'इल मात्रिमोनियो सेग्रेतो' बुर्गथिएटरात पहिल्यांदा झाला. सम्राटाला तो इतका आवडला की त्यानं मंडळींना जेवू घातलं आणि सगळा ऑपेरा त्याच रात्री पुन्हा करवला, अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

उलट टोकाचं स्वागत चोवीस वर्षांनी रोमच्या आर्जेन्तिना नाट्यगृहात झालं. २० फेब्रुवारी १८१६. तेवीस वर्षांच्या रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' पहिल्यांदा रंगमंचावर आला, 'आल्माव्हिवा' या नावानं. हीच गोष्ट पाईझिएल्लोनं १७८२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑपेरात आणली होती आणि त्याचे चाहते रोममध्ये कमी नव्हते. पहिल्या प्रयोगाची हकीकत रोझिना गाणाऱ्या जेल्ट्रुदे रिगेत्ती-जॉर्जीनं १८२३ मध्ये छापली. रोसिनीच्या कोटावरूनच हशा सुरू झाला. आल्माव्हिवा झालेला स्पॅनिश टेनर मान्वेल गार्सिया खिडकीखाली गिटार लावत असताना तार तुटली. बाझिलिओ झालेला व्हितारेल्ली अडखळून पडला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. फिनालेच्या वेळी एक मांजर रंगमंचावर आलं. शिट्ट्या थांबेनात. दुसऱ्या प्रयोगाला मात्र त्याच रोमनं त्याच गायकांना डोक्यावर घेतलं.

त्या हंगामात कोणाला किती मोल होतं ते मानधनावरून कळतं. रोसिनीला ४०० स्कुदी मिळाले, गार्सियाला १२००. रोसिनीनं हिशोब ओळखून लिहिलं. अख्ख्या ऑपेराच्या शेवटाजवळ गार्सियासाठी लांबलचक, तानांनी भरलेली एक आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, ठेवली. फिगारो झालेला लुईजी झांबोनी हा त्याचा जुना मित्र. त्याला प्रवेशाचंच गाणं असं दिलं की शहराचा हा हरकाम्या न्हावी एका दमात स्वतःची कीर्ती गात सुटतो आणि शब्दांची गती वाढत वाढत जीभ अडकेल की काय असं वाटू लागतं. रोझिना रिगेत्ती-जॉर्जीच्या खालच्या, भरीव आवाजासाठी होती. गोड बोलणारी पण डिवचलं तर डंख मारणारी ही मुलगी आहे, हे त्या आवाजाच्या गडद रंगातच ऐकू येतं.

रोसिनीचं ऐकताना दाद नेमकी कुठं द्यायची हे तेव्हाच्या श्रोत्याला ठाऊक होतं. एक जागा सिल्लाबातोची: प्रत्येक स्वराला एक अक्षर, श्वास घ्यायला जागा जवळजवळ नाही, आणि तरीही मागच्या रांगेपर्यंत शब्द स्वच्छ पोचला पाहिजे. नुसतं भराभर म्हणणं सोपं. वेगात व्यंजनं ओठांवर ठेवायची आणि खाली सुराची रेघ तुटू द्यायची नाही, हे अवघड. दुसरी जागा क्रेशेन्दोची. बाझिलिओ अफवेचं वर्णन करतो: आधी झुळूक, मग कुजबुज, मग तोफेचा स्फोट. वाद्यं एकेक करून वाढतात आणि गायकाला आपला आवाज पहिल्या ओळीतच खर्चून चालत नाही. तिसरी जागा फिनालेतली. 'अल्जीरमधली इटालियन स्त्री' (१८१३) च्या पहिल्या अंकाच्या शेवटी गोंधळलेली माणसं आपल्या डोक्यात काय चाललंय ते घंटा, हातोडा, कावळा, तोफ यांच्या आवाजांनी सांगतात. सात जणांच्या तोंडी निरर्थक ध्वनी, पण एकाचीही मात्रा चुकून चालत नाही. वेडेपणा घड्याळाच्या काट्यावर चालतो, आणि हसू त्यातूनच फुटतं.

गार्सियानं ही गायकी समुद्रापार नेली. २९ नोव्हेंबर १८२५ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात त्याच्या मंडळीनं 'सेव्हिलचा न्हावी' केला. अमेरिकेत इटालियन भाषेतला ऑपेरा पहिल्यांदा अशा रीतीनं उभा राहिला. रोझिना होती त्याची सतरा वर्षांची मुलगी मारिया, पुढे मालिब्रान या नावानं जगप्रसिद्ध झालेली. फिगारो होता मुलगा मान्वेल, ज्यानं पुढे आरशांच्या मदतीनं जिवंत स्वरयंत्र पाहण्याची पद्धत शोधून काढली. त्या वेळी दा पोन्ते न्यूयॉर्कमध्येच राहात होता. त्याच्या आग्रहानं पुढच्या वर्षी मंडळीनं त्याचा आणि मोझार्टचा 'दोन जोव्हान्नी'ही केला.

पॅरिसमध्ये या काळात बुफो म्हटलं की एकच नाव ओठांवर येई: लुईजी लाब्लाश. नेपल्सचा हा धिप्पाड बास बेथोव्हेनच्या स्मरणार्थ झालेल्या मोझार्टच्या रेक्विएममध्ये गायला होता, राणी व्हिक्टोरियाला गाणं शिकवत होता, आणि तरी लोकांच्या मनात राहिला तो दोनिझेत्तीचा दोन पास्क्वाले म्हणून. ३ जानेवारी १८४३ रोजी पॅरिसच्या इटालियन नाट्यगृहात ज्युलिया ग्रीसी, मारिओ, ताम्बुरीनी आणि लाब्लाश या चौघांनी तो ऑपेरा पहिल्यांदा केला, तोही ऐतिहासिक झग्यांऐवजी त्या काळच्या रोजच्या कपड्यांत. तिसऱ्या अंकात म्हातारा पास्क्वाले आणि डॉक्टर मालातेस्ता बायकोला रंगेहाथ पकडण्याचा बेत करतात. आधी एक जण भराभर गातो, मग दुसरा, मग दोघे एकदम. हे द्वंद्वगीत अनेक नाट्यगृहांत आजही पडद्यापुढे पुन्हा गायलं जातं. आणि त्याच ऑपेरात ही बायको, नोरीना, पास्क्वालेला थोबाडीत मारते तेव्हा संगीत एकदम उदास होतं. त्या क्षणी म्हातारा खरोखर दुखावलेला दिसला नाही, तर पुढचा विनोद पोरका होतो. मोठा बुफो ओळखायचा तो इथं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र दाद पुन्हा एकट्या गळ्याकडे झुकली. रोझिनाची भूमिका उंच आवाजाच्या सोप्रानोंनी घेतली, स्वर वर चढवले, दागिने वाढवले. गाण्याच्या शिकवणीच्या प्रवेशात पॅटी, मेल्बा यांच्यासारख्या तारका रोसिनीचं गाणं बाजूला ठेवून आपलं आवडतं काहीही गात. पॅटीनं रोसिनीसमोर त्याचंच गाणं इतकं सजवून म्हटलं की त्यानं ही रचना कोणाची म्हणून विचारलं, असा किस्सा प्रसिद्ध आहे. नवे विनोदी ऑपेरा आटत गेले. ९ फेब्रुवारी १८९३ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात एकोणऐंशी वर्षांच्या व्हर्दीचा 'फाल्स्टाफ' आला तेव्हा त्यातल्या विनोदाला स्वतंत्र गाण्यांचा आधार जवळजवळ नव्हता. शब्द आणि सूर सलग धावत होते. फाल्स्टाफ झालेला व्हिक्टर मोरेल तरुणपणीच्या सडपातळ दिवसांची एक चिमुकली आठवण गातो, अर्ध्या मिनिटाच्या आसपासची. १९०७ मध्ये त्यानं ती ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीवर खोलीतल्या लोकांची वाहवा ऐकू येते, तो पुन्हा गातो, आणि तिसऱ्यांदा फ्रेंचमध्ये गातो. दाद आणि तिला मिळालेलं उत्तर दोन्ही तबकडीवर उतरलं, अशा दुर्मीळ जागांपैकी ही एक.

तबकडीनं ऐकण्याची तऱ्हाही बदलली. टेनर कारूसोनं १ फेब्रुवारी १९०४ रोजी 'प्रेमाचं औषध' या दोनिझेत्तीच्या विनोदी ऑपेरातलं नेमोरीनोचं अश्रूंचं गाणं मुद्रित केलं आणि ते घराघरांत पोचलं. त्याभोवतीचे भोंदू वैद्य, सैनिक आणि गावकरी मात्र बाहेरच राहिले. नाट्यगृहातही गाणं पुन्हा घेण्याची पद्धत आटली. संगीत संचालक तोस्कानीनीनं ला स्कालात तिच्याविरुद्ध कडक पवित्रा घेतला होता. १९३३ मध्ये रशियन बास शाल्यापिननं अफवेचं गाणं तिथं पुन्हा म्हटलं. त्यानंतर एकट्या गायकाला तिथं तशी संधी मिळाली ती थेट २००७ मध्ये, पेरूच्या हुआन दिएगो फ्लोरेसला, दोनिझेत्तीच्याच एका फ्रेंच विनोदी ऑपेरात.

बुफो परंपरा टिकवली ती काही हट्टी माणसांनी. कोंचिता सुपेर्व्हियानं १९२५ मध्ये तुरीनला व्हित्तोरियो गुईच्या संचालनाखाली 'अल्जीरमधली इटालियन स्त्री' मूळ खालच्या आवाजात उभी केली. साल्व्हातोरे बाक्कालोनी तोस्कानीनीच्या सल्ल्यावरून केवळ विनोदी बास भूमिकांकडे वळला. १९६९ मध्ये आल्बेर्तो झेद्दानं 'सेव्हिलच्या न्हाव्या'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि दीडशे वर्षांत साचलेल्या भरी काढल्या. १९८० पासून रोसिनीच्या जन्मगावी, पेझारोला, दरवर्षी महोत्सव भरू लागला. १९९६ मध्ये तिथंच तरुण फ्लोरेस ऐन वेळी बदली गायक म्हणून उभा राहिला. गार्सियासाठी लिहिलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या गाळली गेलेली ती अवघड आरिया पुढं पुन्हा नियमितपणे ऐकू येऊ लागली, त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

'सेव्हिलच्या न्हाव्या'तल्या डॉक्टर बार्तोलोच्या गाण्याचंही असंच झालं. तो जिचा पालक आहे त्या पोरक्या मुलीनं, रोझिनानं, चोरून चिठ्ठी लिहिली आहे. बोटावर शाई का? भाजलं म्हणून लावली. एक कागद कमी का? मिठाई बांधून दिली. अशा थापा डॉक्टरांसमोर चालणार नाहीत, हे बार्तोलो तिला बजावतो. १८१६ मध्येच फ्लोरेन्सच्या बार्तोलोला हे गाणं झेपलं नाही, म्हणून पिएत्रो रोमानीनं त्याच्यासाठी सोपं गाणं लिहिलं, आणि तेच कित्येक दशकं रोसिनीच्या जागी गायलं गेलं. त्यात गोष्ट पुढं सरकते, पण पात्र हरवतं. मूळ गाणं बार्तोलोच्या प्रतिष्ठेच्या संथ डौलात सुरू होतं आणि मग राग अनावर होऊन अक्षरांच्या धबधब्यात फुटतं. जितका वेग, तितका त्याचा मुलीवरचा ताबा सुटलेला दिसतो. आबादोच्या संचालनाखाली १९७१ मध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणात एन्झो दारा ते गातो. वेग भन्नाट आहे, तरी एकही व्यंजन गळत नाही, आवाज कुठंही ओरडत नाही, आणि मध्येच हलक्या आवाजात घेतलेली धमकी मोठ्या आवाजातल्या धमकीपेक्षा जास्त हास्यास्पद वाटते, कारण तोवर तिच्यावर विश्वास ठेवणारा घरात एकच माणूस उरलेला असतो, स्वतः बार्तोलो.